लिनक्स बूट होताना गप्प का बसतं? सुरुवातीच्या स्क्रिप्टना बोलतं करायची क्रमवार पद्धत

मशीन सुरू केलं, ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेनू गेला, स्क्रीन काळी झाली आणि तिथेच अडकली. अशा वेळी बहुतेक जण कुठेतरी वाचलेला लॉगलेव्हल=७ हा पॅरामीटर घालतात आणि रीबूट करतात. चार ओळी जास्त दिसतात, पण जिथे अडलंय तिथलं काहीच दिसत नाही. मग डिस्क गेली असं ठरवून सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करण्यापर्यंत मजल जाते. खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं की एका स्क्रिप्टला हवी असलेली पार्टिशन सापडत नसते. ती स्क्रिप्ट तसं सांगतही असते, फक्त आपल्याला ऐकू येत नसतं.

चुकीचं मूळ असं. बूटमध्ये एकामागून एक तीन वेगळे कार्यक्रम काम करतात: आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा; मग इनिट्रॅमएफएसमधल्या, म्हणजे खरी डिस्क जोडली जाण्याआधी मेमरीत उघडणाऱ्या तात्पुरत्या फाइल सिस्टममधल्या, छोट्या शेल स्क्रिप्ट; मग बाकीच्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी. तिघांचा आवाज वाढवायचे खटके वेगवेगळे आहेत. क्वाएट हा एक शब्द मात्र तिघेही वाचतात आणि तिघेही गप्प होतात. लॉगलेव्हल फक्त कर्नलला कळतो. त्यामुळे क्वाएट तसाच ठेवून लॉगलेव्हल वाढवला की कर्नल बोलू लागतो आणि स्क्रिप्ट मुक्याच राहतात.

पुढचं सगळं डेबियन, उबुंटू आणि त्यांच्यावर बेतलेल्या वितरणांना धरून आहे. फेडोराचा वेगळेपणा जिथे येतो तिथे सांगितला आहे.

कमांडबद्दल एक सूचना. कमांड, फाइलींची नावं आणि पॅरामीटर इथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायचे, आकडेही नेहमीचेच. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं लिहिलं आहे. क्वाएटचं स्पेलिंग क्यू-यू-आय-ई-टी. शेवटची दोन अक्षरं उलटी टाइप होणं ही फार सर्रास चूक आहे, आणि अनोळखी शब्द दिसला म्हणून कर्नल बूट थांबवत नाही. तो पुढे निघून जातो आणि आपण समजतो की बदल झाला.

## पायरी १: हात लावण्याआधीची तयारी

ही पायरी टाळली तर पुढे रात्र जाते.

कर्नलची सध्याची कमांड लाइन, म्हणजे त्याला दिलेल्या पॅरामीटरची ओळ, काय आहे ते आधी बघा. मशीन चालू होत असेल तर टर्मिनलमध्ये:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन

जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कर्नलला प्रत्यक्षात काय मिळालं ते इथे कळतं. ग्रबच्या फाइलीत काय लिहिलंय ते आपली इच्छा सांगतं, घडलेलं नव्हे.

मग मशीनवर किमान दोन कर्नल आहेत ना ते बघा. एकाचा इनिट्रॅमएफएस बिघडला तर दुसऱ्याने उठता येतं. एकच असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवा आणि तो त्या मशीनवर खरोखर बूट होतो हे आजच तपासा.

/बूट फोल्डरमधल्या इनिटआरडी.आयएमजी या नावाने सुरू होणाऱ्या फाइलीची (हाच इनिट्रॅमएफएस) प्रत घ्या, पण ती /बूटमध्येच ठेवू नका. /बूटची वेगळी पार्टिशन असेल तर ती बहुधा लहान असते. प्रत ठेवून ती भरली की नवा इनिट्रॅमएफएस अर्धवट लिहिला जाऊन तयार होत नाही. प्रत रूटच्या होम फोल्डरमध्ये जाऊ द्या.

तपासा: डीएफ -एच /बूट चालवून मोकळी जागा बघा. इनिट्रॅमएफएसच्या फाइलीच्या दुपटीहून कमी असेल तर आधी जुने कर्नल काढा.

## पायरी २: अडलंय कुठल्या टप्प्यावर?

शेवटची दिसलेली ओळ कोणाची आहे, एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं.

शेवटची ओळ "लोडिंग इनिशियल रॅमडिस्क" अशी असेल तर ती ग्रबची आहे. म्हणजे बहुधा कर्नलकडे ताबा गेला, पण त्याचं एकही अक्षर दिसलेलं नाही. तुमचं काम पायरी ४ आणि ५ मध्ये आहे.

ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात दशांशचिन्हाची वेळ असेल, तर बोलणारा कर्नल.

"बिगिन: रनिंग /स्क्रिप्ट्स/..." अशी सुरुवात आणि शेवटी "डन" असेल, तर त्या इनिट्रॅमएफएसच्या स्क्रिप्ट. "गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टम डिव्हाइस" हीदेखील त्यांचीच तक्रार.

चौकटी कंसात हिरवा "ओके" किंवा "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" दिसलं तर इनिट्रॅमएफएसचं काम संपलं आणि सिस्टमडी सुरू झालं. मग डिस्क सापडत नाही ही शंका सोडून द्या. निदान रूट पार्टिशन, म्हणजे जिच्यावर मुख्य प्रणाली असते ती, तरी सापडली आहे.

काहीच दिसत नसेल तर पायरी ३ करून पुन्हा इथे या.

## पायरी ३: एका बूटपुरता बदल

कायमचा बदल आधी करू नका. ग्रबच्या मेनूत केलेला बदल फक्त त्या एका बूटला लागू होतो, म्हणून प्रयोगाची जागा तीच.

१. मेनू दिसत नसेल तर मशीन सुरू होताना जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून ठेवा, यूईएफआयवर एस्केप एकदाच दाबा. एस्केप घाईघाईत अनेकदा दाबलं तर मेनूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. घाबरू नका, नॉर्मल असं टाइप करून एंटर करा आणि लगेच एकदा एस्केप दाबा.

२. हव्या त्या नोंदीवर जाऊन ई दाबा.

३. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. त्याखालची इनिटआरडीची ओळ वेगळी, तिला हात लावायचा नाही.

४. क्वाएट आणि स्प्लॅश (बूटच्या वेळी ओळींऐवजी चित्र दाखवणारा) हे दोन्ही शब्द पुसा. उबुंटूवर ओळीच्या टोकाला डॉलर चिन्ह लावलेला व्हीटी_हँडऑफ दिसतो, तोही काढा.

५. कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१० दाबून बूट करा.

ओळ लांब असली की ग्रब ती मोडून दाखवतो आणि कडेला तिरकी रेघ काढतो. ती रेघ फक्त दाखवण्यापुरती असते, पुसू नका. या संपादकात कीबोर्डची मांडणी अमेरिकन असते, त्यामुळे बरोबरचं चिन्ह आणि अंडरस्कोअर दुसऱ्या मांडणीत वेगळ्या जागी असतील तर आधी तपासून घ्या.

नुसतं क्वाएट आणि स्प्लॅश काढूनच पुष्कळांचं काम होतं. त्यामुळे पहिल्या फेरीत एवढंच करा. पाच पॅरामीटर एकदम घातले की कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

रास्पबेरी पायवर ग्रब नसतो. तिथे /बूट/फर्मवेअर/सीएमडीलाइन.टीएक्सटी ही फाइल बदलायची, जुन्या आवृत्त्यांत ती थेट /बूटमध्ये असते. त्यातला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. वाचायला सोपं व्हावं म्हणून एंटर मारून दोन ओळी केल्या तर मशीन उठेलच असं नाही.

## पायरी ४: कर्नलचा आवाज

कर्नलच्या प्रत्येक संदेशाला ० ते ७ असा दर्जा असतो. ० म्हणजे सर्वांत गंभीर, ७ म्हणजे डीबगचा तपशील. कन्सोलची (संदेश जिथे छापले जातात त्या स्क्रीनची किंवा पोर्टची) पातळी जेवढी, त्याहून कमी आकड्याच्या दर्जाचेच संदेश पडद्यावर येतात. हे "त्याहून कमी" पुष्कळांच्या लक्षातून निसटतं. लॉगलेव्हल=७ दिल्यावर ६ पर्यंतचे दिसतात, डीबगचे नाहीत. ते हवे असतील तर ८ द्यावं लागतं. क्वाएट ही पातळी सहसा ४ वर आणतो, म्हणजे ३ पर्यंतच्या चुका तेवढ्या दिसतात, इशारेसुद्धा गाळले जातात.

मी मात्र लॉगलेव्हलच्या फंदात न पडता हा पॅरामीटर घालायला सांगेन:

इग्नोर_लॉगलेव्हल

याने पातळीचा प्रश्नच मिटतो, सगळं दिसतं. उबुंटूवर याचा आणखी एक फायदा आहे. तिथे /ईटीसी/सिसकंट्रोल.डी या फोल्डरमध्ये १०-कन्सोल-मेसेजेस.कॉन्फ नावाची फाइल असते आणि तिच्यात कर्नल.प्रिंटके ची किंमत ४ ४ १ ७ लिहिलेली असते. बूट अर्ध्यावर आलं की ती फाइल वाचली जाते आणि तुम्ही वाढवलेली पातळी पुन्हा ४ होते. "सुरुवातीला धडाधड ओळी येत होत्या, मग अचानक बंद पडल्या, म्हणजे तिथेच लटकलं" असा निष्कर्ष इथे हमखास चुकतो. लटकलेलं काहीच नसतं, आवाज कमी केलेला असतो.

कर्नलची पहिली ओळही दिसत नसेल तर यूईएफआय मशीनवर अर्लीकॉन=ईएफआयएफबी घालून बघा. नेहमीचा कन्सोल उभा राहण्याआधीचे संदेश त्याने थेट पडद्यावर येतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लागताक्षणी स्क्रीन काळी होत असेल तर नोमोडसेट घाला. दोन्ही निदानापुरतेच.

तपासा: मशीन उठलं तर लगेच /प्रॉक/सीएमडीलाइन पुन्हा बघा. घातलेला शब्द तिथे अक्षरशः तसाच आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका, तुम्ही चुकीच्या नोंदीत बदल केला आहे.

## पायरी ५: बोलणं नेमकं कुठल्या कन्सोलवर जातंय?

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

कन्सोल= हा पॅरामीटर एकापेक्षा जास्त वेळा देता येतो. समजा ओळीत असं आहे:

कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८

दुसऱ्यातला एस मोठा. टीटीवाय० म्हणजे समोरची स्क्रीन, टीटीवायएस० म्हणजे पहिला सीरियल पोर्ट. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात. पण /डेव्ह/कन्सोल हे नाव मिळतं फक्त शेवटच्याला. आणि इनिट्रॅमएफएसच्या स्क्रिप्ट जे काही छापतात ते /डेव्ह/कन्सोलवरच जातं.

परिणाम असा की स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला कर्नलच्या ओळी दिसतात आणि मग एकदम शांतता. स्क्रिप्टचं सगळं बोलणं, अगदी शेवटी उघडलेला आपत्कालीन शेलसुद्धा, सीरियल पोर्टवर असतो. एका ऑफिसातल्या व्हर्च्युअल सर्व्हरवर मी याच कारणाने तीन तास घालवले. पडद्यावरची शेवटची ओळ यूएसबीच्या माउसबद्दल होती, म्हणून यूएसबीच्या मागे लागणं झालं. सीरियल कन्सोल उघडला तेव्हा तिथे इनिट्रॅमएफएसचा प्रॉम्प्ट शांतपणे वाट बघत होता आणि त्याच्या वर स्वच्छ लिहिलं होतं की अमुक यूयूआयडीची (म्हणजे ओळख क्रमांकाची) पार्टिशन नाही. क्लाउडसाठी बनवलेल्या उबुंटूच्या प्रतिमांमध्ये सीरियल पोर्ट असाच शेवटी लिहिलेला असतो, त्यामुळे तिथे हा प्रकार वारंवार होतो.

उपाय सोपा: ज्या पडद्याकडे तुम्ही बघताय तो शेवटी लिहा. स्क्रीनसमोर बसला असाल तर कन्सोल=टीटीवाय० शेवटी. सीरियल केबलवरून बघत असाल तर टीटीवायएस० शेवटी.

सीरियलवर वेग लिहायला विसरू नका. वेग न दिल्यास ९६०० धरला जातो. एका अक्षराला १० बिट धरले तर ११५२०० वर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात आणि ९६०० वर फक्त ९६०. डीबग चालू असताना पाच लाख अक्षरं सहज निघतात. पहिल्या वेगाला त्यांना पाऊण मिनिट लागतं, दुसऱ्याला साडेआठ मिनिटांच्या वर. सिस्टमडी एखाद्या कामासाठी साधारणपणे ९० सेकंद थांबतं. म्हणजे हळू सीरियलवर भरपूर बडबड चालू केली की एरवी नीट चालणाऱ्या सेवाही वेळ संपली म्हणून पडतात आणि तुम्ही नसलेल्या दोषाच्या मागे लागता.

सावध: रास्पबेरी पायच्या सीरियल पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा ॲडॉप्टर जोडला तर बोर्ड जळू शकतो.

## पायरी ६: इनिट्रॅमएफएसच्या स्क्रिप्ट

आता मुख्य विषय. डेबियनवर आणि २०२५ च्या २५.१० आवृत्तीआधीच्या उबुंटूवर या स्क्रिप्ट इनिट्रॅमएफएस-टूल्स या पॅकेजमधून येतात (त्यानंतरच्या उबुंटूत मूळ मांडणीत ड्रॅकट आला, त्याचे शब्द या पायरीच्या शेवटी आहेत). क्वाएट काढल्यावर त्या "बिगिन" आणि "डन" दाखवतात, पण आत नेमकी कोणती कमांड चालली ते नाही. त्यासाठी डीबग लागतो, आणि इथे एक मोठा खड्डा आहे.

नुसता डीबग लिहिला तर स्क्रिप्टची प्रत्येक कमांड नोंदली जाते खरी, पण पडद्यावर नाही. सगळं आउटपुट /रन/इनिट्रॅमएफएस/इनिट्रॅमएफएस.डीबग या फाइलीत वळवलं जातं. म्हणजे जास्त दिसावं म्हणून घातलेल्या शब्दाने स्क्रिप्टच्या नेहमीच्या ओळीही पडद्यावरून गायब होतात. कर्नल तोच शब्द वाचून भरपूर बोलतो, त्यामुळे काहीतरी वाढल्यासारखं मात्र वाटतं.

पडद्यावर हवं असेल तर असं लिहा:

डीबग=व्हीसी

बरोबरच्या चिन्हापुढे काहीही दिलं तरी आउटपुट कन्सोलवरच राहतं, व्हीसी हा फक्त रूढ शब्द. आता अधिक चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी धावू लागतील. प्रत्येक ओळ म्हणजे चाललेली एक कमांड.

कोणता कधी वापरायचा? मशीन शेवटी उठत असेल, फक्त उशीर किंवा विचित्र वागणूक असेल, तर नुसता डीबग बरा. नंतर सावकाश फाइल वाचा, पण त्याच बूटमध्ये, कारण /रन मेमरीत असतो आणि रीबूटला पुसला जातो. मशीन मध्येच अडत असेल तर डीबग=व्हीसी.

ओळी वाचता येत नाहीत इतक्या वेगाने जातात, तेव्हा ब्रेक वापरा. हा पॅरामीटर ठरावीक जागी बूट थांबवून शेल देतो. थांबे क्रमाने असे: टॉप, मॉड्यूल्स, प्रीमाउंट, माउंट, माउंटरूट, बॉटम, इनिट. उदाहरणार्थ:

ब्रेक=प्रीमाउंट

नुसता ब्रेक लिहिला तरी प्रीमाउंटलाच थांबतं. रूट पार्टिशन सापडत नसेल तेव्हा हाच थांबा घ्या. प्रॉम्प्ट आला की या क्रमाने बघा:

१. कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन: यात रूट= पुढे कोणता यूयूआयडी आहे?

२. ब्लॉकआयडी (बी-एल-के-आय-डी): तो यूयूआयडी यादीत आहे का?

३. यादीत डिस्कच नसेल तर कॅट /प्रॉक/मॉड्यूल्स, म्हणजे डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लागला की नाही ते कळेल.

४. डीमेसेज (डी-एम-ई-एस-जी): कर्नलने डिस्कबद्दल काय म्हटलंय?

५. बघून झालं की एक्झिट. बूट पुढे सरकतं.

डिस्क यादीत आहे पण यूयूआयडी वेगळा, तर दोष बूटच्या नोंदीत. डिस्कच नाही आणि ड्रायव्हरही नाही, तर दोष इनिट्रॅमएफएस बनवण्यात. ड्रायव्हर आहे आणि डिस्क काही सेकंदांनी उगवते, तर तिला वेळ कमी पडतोय; रूटडिले=३० घालून बघा. ही तीन निदानं एकमेकांपासून वेगळी करता आली तर पुसून नव्याने इन्स्टॉल करायची वेळ सहसा येत नाही.

फेडोरा आणि तिच्या कुळातल्या वितरणांवर इनिट्रॅमएफएस ड्रॅकट बनवतो, तिथे शब्द वेगळे. क्वाएटसोबत आरएचजीबी काढायचा, डीबगच्या जागी आरडी.डीबग, ब्रेकच्या जागी आरडी.ब्रेक=प्री-माउंट. आपत्कालीन शेल उघडला तर /रन/इनिट्रॅमएफएस/आरडीएसओएसरिपोर्ट.टीएक्सटी ही तयार तपासणीची फाइल तिथे मिळते. डेबियनचा डीबग=व्हीसी तिथे घालून उपयोग नाही, आणि उलटही नाही.

## पायरी ७: तुमचीच स्क्रिप्ट असेल तर

काही जण /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/स्क्रिप्ट्स च्या खाली स्वतःची स्क्रिप्ट ठेवतात, कुलूपबंद डिस्क उघडायला किंवा नेटवर्क लावायला. ती बोलत नाही अशी तक्रार असेल तर या चुका क्रमाने तपासा.

एको फार वर लिहिलाय. या स्क्रिप्टच्या डोक्यावर प्रीरेक्सचा ठराविक तुकडा असतो. इनिट्रॅमएफएस बनवताना प्रत्येक स्क्रिप्ट आधी प्रीरेक्स हा शब्द देऊन चालवली जाते आणि तिने जे छापलं ते "माझ्या आधी यांना चालवा" अशी नावांची यादी म्हणून घेतलं जातं. तुमचा एको त्या तुकड्याच्या वर असेल तर तुमचं वाक्य त्या यादीत जातं. सगळं स्वतःचं लिखाण त्या तुकड्याच्या खाली हवं. तुकड्याचा नमुना मॅन इनिट्रॅमएफएस-टूल्स मध्ये आहे, तिथूनच घ्या.

स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी नाही. सीएचमॉड +एक्स विसरलं की ती वगळली जाते.

इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवला नाही. डिस्कवरची फाइल बदलून काही होत नाही. बूटच्या वेळी वापरली जाते ती आत बांधलेली प्रत. प्रत्येक बदलानंतर:

सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू

आणि हे लक्षात घ्या की कर्नलचं नाव न देता ही कमांड फक्त सर्वांत नव्या कर्नलचा इनिट्रॅमएफएस बदलते. तुम्ही मेनूतून जुन्या कर्नलने बूट करत असाल तर बदल कधीच दिसणार नाही. -के पुढे त्या कर्नलची आवृत्ती द्या. सगळ्यांसाठी -के ऑल असतं, पण प्रयोग चालू असताना ते वापरू नका. एक नीट चालणारा कर्नल हाताशी राहिला पाहिजे.

तपासा: एलएसइनिट्रॅमएफएस पुढे फाइलीचं नाव देऊन त्यात तुमच्या स्क्रिप्टचं नाव शोधा. दिसत नसेल तर रीबूट करून उपयोग नाही.

स्क्रिप्टने बोलावं कसं, याला माझं उत्तर ठाम आहे: कर्नलच्या नोंदवहीत लिहा. म्हणजे एकोचं आउटपुट /डेव्ह/केएमएसजी कडे वळवा आणि वाक्याच्या सुरुवातीला कोनी कंसात दर्जाचा आकडा द्या. याचे फायदे तीन. वेळेचा शिक्का आपोआप लागतो. कन्सोल= मध्ये कोण शेवटी आहे याने फरक पडत नाही, सगळीकडे दिसतं. आणि मशीन उठल्यावर जर्नलमध्येही (सिस्टमडीच्या नोंदवहीत) सापडतं, जिथे साधा एको कधीच पोचत नाही, कारण तो छापला गेला तेव्हा जर्नल जन्मलेलंच नसतं. दर्जा ३ दिलात तर क्वाएट असतानाही ओळ दिसते.

फार ओळी लिहिणार असाल तर प्रिंटके.डेव्हकेएमएसजी=ऑन हा पॅरामीटर घाला. नाहीतर एकदा उघडून ठेवलेल्या मार्गाने ५ सेकंदांत १० च्या वर ओळी गेल्या की कर्नल पुढच्या गिळतो.

इनिट्रॅमएफएसचं स्वतःचं लॉग_बिगिन_एमएसजी हे फंक्शन नीटस आहे, पण क्वाएट दिसला की ते काहीही छापत नाही. दोष शोधताना त्याच्यावर विसंबू नका.

## पायरी ८: सिस्टमडी

इथवर आलात तर वाट सोपी आहे. सिस्टमडी.शो_स्टेटस=१ ने हिरव्या "ओके"च्या ओळी दिसतात. खोलात जायचं तर हे तिन्ही एकत्र:

सिस्टमडी.लॉग_लेव्हल=डीबग सिस्टमडी.लॉग_टार्गेट=केएमएसजी लॉग_बफ_लेन=४एम

यातला शेवटचा एम मोठा. लॉग_बफ_लेन विसरू नका. कर्नलची नोंदवही गोल फिरते, भरली की जुनी पानं पुसत नवी लिहिते. डीबग चालू करून तिचा आकार न वाढवणं म्हणजे नेमकी सुरुवातीची पानं घालवणं.

एखाद्या सेवेच्या स्क्रिप्टचं बोलणं कन्सोलवर येत नसेल तर ते साहजिक आहे, ते जर्नलकडे जातं. दोन्हीकडे हवं असेल तर सिस्टमसीटीएल एडिट ने त्या सेवेच्या सर्व्हिस विभागात स्टँडर्डआउटपुट=जर्नल+कन्सोल लिहा. स्टँडर्डआउटपुटमधले एस आणि ओ मोठे.

सिस्टमडी.डीबग-शेल=१ ने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ वर रूटचा शेल मिळतो.

सावध: तो पासवर्ड विचारत नाही. एका बूटपुरताच घाला, ग्रबच्या कायमच्या फाइलीत कधीही नाही.

डेव्हुआनसारख्या सिस्टमडी नसलेल्या वितरणांवर /ईटीसी/डिफॉल्ट/आरसीएस (शेवटचा एस मोठा) मध्ये व्हर्बोस=येस (व्हर्बोसची सगळी अक्षरं मोठी) करा आणि बूटलॉगडी हे पॅकेज बसवा.

## पायरी ९: धावणाऱ्या ओळी पकडायच्या कशा

शिफ्ट आणि पेजअप दाबून मागे जा, हा जुना सल्ला आता विसरा. कर्नल ५.९ पासून, म्हणजे २०२० पासून, कन्सोलची ती सोय काढून टाकली आहे. कळ चालत नाही म्हणून मशीन गोठलं असं समजू नका.

घरातल्या मशीनवर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ. कॅमेरा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवा, खोलीतला दिवा मालवा म्हणजे स्क्रीनवर चकाकी येत नाही, आणि नंतर एकेक चौकट बघा. व्हर्च्युअल मशीन असेल तर सीरियल पोर्ट थेट फाइलीत वळवा, याहून चांगलं काही नाही. खऱ्या सीरियल पोर्टला यूएसबी ॲडॉप्टर लावून दुसऱ्या मशीनवर स्क्रीन या प्रोग्रॅमने ११५२०० वेगाने बघता येतं.

मशीन उठत असेल तर आधीच्या बूटच्या नोंदी जर्नलसीटीएल -बी -१ ने मिळतात. त्यासाठी /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असलं पाहिजे.

## पायरी १०: कायमचा बदल आणि परतीची वाट

काय हवंय ते ठरल्यावरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडा. त्यात ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट ही ओळ आहे, सगळी अक्षरं मोठी. तिच्यातून क्वाएट आणि स्प्लॅश काढा, अवतरणचिन्हं जागेवर ठेवा, आणि मग:

सुडो अपडेट-ग्रब

फेडोरावर यासाठी ग्रबी नावाची कमांड आहे.

/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी थेट बदलू नका. पुढचा कर्नल आला की ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचा बदल जातो. बदल करूनही लागू होत नसेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी या फोल्डरात डोकवा. तिथल्या फाइली नंतर वाचल्या जातात आणि तुमच्या ओळीवर मात करतात.

सर्व्हरवर क्वाएट कायमचा काढून ठेवावा असं माझं मत आहे. रोज बघणारा कोणी नसतो, पण ज्या दिवशी बघावं लागतं त्या दिवशी ओळी समोर हव्यात. डीबग, ब्रेक आणि नोमोडसेट मात्र काम झाल्या झाल्या काढा. ब्रेक राहिला तर रात्री वीज जाऊन आल्यावर मशीन प्रॉम्प्टवर थांबून राहील आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही.

मिळालेली नोंद मदतीसाठी कोणाला पाठवण्याआधी एकदा वाचा. डीबगच्या ओळींत स्क्रिप्टने वापरलेला प्रत्येक शब्द उघडा पडतो: डिस्कचे सीरियल नंबर, नेटवर्कचे पत्ते, आणि तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टने एखादी किल्ली कमांडमध्ये दिली असेल तर ती किल्लीसुद्धा. ती आधी खोडा, आणि असं काही सापडलं तर पाठवायच्या आधी ती किल्लीच बदला.